झाडाखालच्या मेस्त्रीची मसल कार

कविता लिहिणारा माणूस मोटारीवर काय बोलणार, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. पण मला आज मोटारीच्या वेगाविषयी फारसे बोलायचे नाही. मला बोलायचे आहे ते जीर्णोद्धाराविषयी. हा शब्द आपण देवळासाठी वापरतो, मशिदीसाठी वापरतो, जुन्या वाड्यासाठी, गावच्या वेशीसाठी वापरतो. पडायला आलेले पुन्हा उभे करणे, आणि तेही असे की ते जुनेच राहिले पाहिजे. नवे बांधणे सोपे. जुने जुनेच ठेवून उभे करणे अवघड.

अमेरिकेत गेली चाळीस-पन्नास वर्षे हजारो साधी माणसे, कुणी वायरमन, कुणी शाळामास्तर, कुणी ट्रकचालक, असाच एक जीर्णोद्धार आपापल्या घरच्या गॅरेजमध्ये करत आली आहेत. हाताशी पैसा थोडा, वेळ फक्त शनिवार-रविवारचा, आणि समोर गंजलेली एक मोटार. या मोटारीला तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. आपल्या भाषेत पैलवान गाडी म्हणू. मध्यम आकाराची, दोन दारांची, साधी स्वस्त गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या, जड गाडीचे आठ सिलिंडरचे दांडगे इंजिन बसवायचे, हा तिचा मूळ मंत्र. ही गाडी जन्मली कशी, मेली कशी आणि तिला पुन्हा जिवंत कुणी केले, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

गोष्ट १९३२ पासून सांगायला हवी. त्या वर्षी फोर्ड कंपनीने सर्वसामान्यांच्या खिशाला परवडेल अशा गाडीत व्ही-आठ इंजिन दिले. पुढे या गाड्या जुन्या झाल्या, भंगाराच्या भावात मिळू लागल्या, आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्या घेऊन परसात खोलायला सुरुवात केली. नको तो पत्रा कापायचा, वजन कमी करायचे, इंजिनाचा दम वाढवायचा. यांना ‘हॉट रॉड’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या, यंत्रे हाताळायला सरावलेल्या तरुणांनी हा नाद वाढवला. १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ नावाचे मासिकच निघाले. १९५१ मध्ये पाव मैलाच्या शर्यतींना शिस्त लावणारी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. घरच्या घरी गाडी दुरुस्त करणाऱ्याला तिकडे ‘झाडाच्या सावलीतला मेकॅनिक’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. कारण आपल्याकडे हे विशेषण नाही, पत्ता आहे. वडाखालचा मेस्त्री, चिंचेखालचा पंक्चरवाला. गरिबाची कार्यशाळा जगात सगळीकडे झाडाखालीच भरते.

तर, परसातली ही करामत कारखान्यात शिरली १९६४ साली. जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीने १९६३ च्या आरंभी आपल्या सर्व विभागांना शर्यतीपासून दूर राहण्याचा हुकूम सोडला होता. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असाही नियम होता. पाँटिअॅक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून पळवाट काढली. नियम नव्या मॉडेलला लागू होता. ग्राहकाने जादा पैसे देऊन घ्यायच्या सुविधेला नव्हता. मग ‘टेंपेस्ट लेमान्स’ या साध्या गाडीवर सुमारे ३०० डॉलरची एक जादा सुविधा जाहीर झाली. तिचे नाव जीटीओ. या सुविधेत मिळत होते मोठ्या पाँटिअॅकचे ३८९ क्युबिक इंचांचे इंजिन! आपल्या मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे. हे जवळजवळ ६,४०० सीसीचे. म्हणजे आठ मारुती एका बॉनेटखाली. वरिष्ठांनी बिचकत पाच हजार गाड्यांना परवानगी दिली. पहिल्या वर्षी खपल्या ३२,४५०.

त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डची मस्टँग आली. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. जाणकार लोक मस्टँगला मसल कारची चुलत बहीण मानतात, पण परसातल्या जीर्णोद्धाराच्या इतिहासात तिचा मान मोठा, कारण ती लाखांनी खपली आणि म्हणून लाखांनी शिल्लक राहिली. नंतर स्पर्धाच लागली. १९६६ मध्ये क्रायस्लरने ४२६ क्युबिक इंचांचे ‘हेमी’ इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत दिले. १९७० मध्ये शेव्हरोलेने ४५४ क्युबिक इंचांचे इंजिन शेव्हेलमध्ये घातले आणि ४५० अश्वशक्ती जाहीर केली.

पण मला या सगळ्यांत प्लिमथची १९६८ सालची ‘रोड रनर’ महत्त्वाची वाटते. तोवर मसल कारही महाग होऊ लागल्या होत्या. गुबगुबीत खुर्च्या, गालिचे, चकचकीत पट्ट्या. प्लिमथने उलटी चाल केली. पुढे सपाट बाकडे, खाली गालिच्याऐवजी रबरी चटई, पण इंजिन ३८३ क्युबिक इंचांचे, ३३५ अश्वशक्तीचे. नाव व्यंगपटातल्या धावऱ्या पक्ष्याचे आणि भोंगाही त्याच्यासारखा ‘बीप बीप’ करणारा. किंमत २,९०० डॉलरच्या आसपास. त्या वर्षी अमेरिकेत किमान वेतन ताशी १ डॉलर ६० सेंट होते. म्हणजे अगदी तळच्या कामगाराने १,८०० तास राबायचे, आठवड्याला ४० तास धरले तर ४५ आठवडे, की ही गाडी दारात. कारखान्यातला कामगार तर याहून बराच जास्त कमावत होता. पहिल्या वर्षी जवळजवळ ४५ हजार रोड रनर विकल्या गेल्या. ही श्रीमंतांची गाडी नव्हती, हे ध्यानात ठेवा. पुढच्या गोष्टीला त्याची गरज आहे.

आता मरण. ते चार बाजूंनी आले. विमा कंपन्यांनी पंचविशीच्या आतल्या पोरांना आणि जादा अश्वशक्तीच्या गाड्यांना जबर हप्ते लावले. १९७० मध्ये हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा झाला. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून आपल्या इंजिनांचा दाब कमी केला, दम उतरला. १९७२ पासून अश्वशक्ती मोजायची पद्धत बदलली आणि कागदावरचे फुगलेले आकडेही खाली आले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आणणाऱ्या कायद्यावर सही झाली. त्या वर्षी जीटीओ बंद पडली, बाराकुडा बंद पडली, चॅलेंजरही बंद पडली. सगळे मिळून दहा वर्षांचे राज्य.

मी या मरणावर रडणार नाही. हा कायदा गरजेचाच होता. या गाड्या शिसेमिश्रित धूर ओकत, पेट्रोल पाण्यासारखे पीत, आणि धावत त्या मानाने थांबत नसत. चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक असलेल्या कितीतरी गाड्या यांत होत्या. त्यांच्यापायी तरुण पोरे मेली. हे विसरून या गाड्यांचे गोडवे गाणे खोटेपणाचे होईल.

पण मेलेल्या गाड्या गेल्या कुठे? काही भंगारात गेल्या, काही चाळण होऊन धान्याच्या कोठारात उभ्या राहिल्या, आणि काही सत्तरच्या दशकाच्या शेवटी मातीमोल भावात पोरांच्या हाती आल्या. ती पोरे आपल्या बापासारखी गाडी नवी घेऊ शकत नव्हती, पण जुनी उभी करू शकत होती. इथून घरगुती जीर्णोद्धाराचा इतिहास सुरू होतो. शिकागोच्या जे. सी. व्हिटनीसारख्या, भंगाराच्या दुकानातूनच वाढलेल्या कंपन्यांचे जाडजूड सूचिपत्र पोस्टाने घरी येई. कंपनीच्या मूळ दुरुस्ती-पुस्तकांची पुनर्मुद्रणे निघाली. पुढे जुन्या गाड्यांचे पत्रे, रबर, आसनांची कव्हरे नव्याने बनवणारा स्वतंत्र धंदाच उभा राहिला. मस्टँगचा तर आज जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो.

थोडक्या पैशांत हे काम करणाऱ्यांनी इतक्या वर्षांत काही शहाणपण गोळा केले आहे. ते मला आपल्या म्हणींसारखे वाटते. पहिले शहाणपण: गाडीचे तोंड पाहू नका, पोट पाहा. इंजिन कधीही करता येते. खाल्लेला पत्रा खिसा खातो. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथली गाडी खालून सडलेली असते. म्हणून अॅरिझोनासारख्या कोरड्या मुलखातली बंद पडलेली गाडी, मिशिगनमधल्या चालू गाडीपेक्षा बरी. घेताना खिशात साधे लोहचुंबक न्यायचे. जिथे ते पत्र्याला चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी थापलेली आहे असे समजायचे. जुन्या मस्टँगमध्ये पुढच्या काचेखालच्या पोकळीत पाणी साचून ती सडते आणि पाणी चालकाच्या पायांवर ठिबकते. ज्यांना हे माहीत आहे ते घेण्यापूर्वी तिथे बादलीभर पाणी ओतून पाहतात.

दुसरे शहाणपण: गाडी एकदम सगळी खोलू नका. अर्धवट खोललेल्या, खोक्यांत भरलेल्या गाड्या तिथे सतत विकायला असतात. एका वेळी एकच अंग घ्यायचे. आधी ब्रेक, मग सुकाणू, मग वायरिंग. गाडी चालती ठेवायची म्हणजे उमेदही चालती राहते. काढलेला प्रत्येक नट-बोल्ट छोट्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावायची, आणि काढण्यापूर्वी फोटो घ्यायचा. कारण काढणारा हात आणि बसवणारा हात यांच्यामध्ये कधी कधी दोन-तीन वर्षे जातात.

तिसरे शहाणपण: कुठे हात राखायचा आणि कुठे सोडायचा, हे ओळखा. गंज काढायला महागडे रसायन लागत नाही. तिथली माणसे चक्क उसाची मळी वापरतात. जनावरांच्या खाद्याच्या दुकानातून मळी आणायची, एका भागाला नऊ-दहा भाग पाणी घालायचे आणि लोखंडी भाग दोन-तीन आठवडे त्यात बुडवून ठेवायचे. गंज सुटतो, चांगले लोखंड बहुतांशी शाबूत राहते. वास मात्र भयंकर. साखर कारखान्याच्या परिसरात राहिलेल्या कुणालाही हा वास समजावून सांगायला नको! दुसरी रीत धुण्याच्या सोड्याची. सोड्याच्या पाण्यात लोखंडी भाग बुडवून बॅटरी चार्जरचा प्रवाह सोडायचा. यात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करायचे. पत्रा ठोकणे आणि वेल्डिंग शिकायला अनेकजण गावातल्या सरकारी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घालतात.

पण जिथे जीव आहे तिथे काटकसर नाही. १९६७ पूर्वीच्या अनेक गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकचे तेल एकाच कप्प्यातून जाते. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. म्हणून जाणते लोक रंगाआधी तिथे दोन कप्प्यांचा सिलिंडर बसवतात. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबायचे नाही, खाली भक्कम घोड्या लावायच्या. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असते, त्याची धूळ हवेच्या फुंकरीने उडवायची नाही. आधुनिक दोन घटकांच्या रंगात फुप्फुसांना घातक द्रव्य असते, साध्या फडक्याने ते थांबत नाही. म्हणून बरेच जण पत्र्याचे सगळे काम स्वतः करतात आणि शेवटचा हात रंगाऱ्याकडून मारून घेतात. इंजिनाचे सिलिंडर घासून, समजा, पाऊण मिलिमीटरने मोठे करायचे तर ते काम लेथवाल्याकडेच न्यावे लागते. त्याच वेळी व्हॉल्व्हच्या बैठका कडक पोलादाच्या बसवून घेतात, कारण जुन्या इंजिनात शिसे त्या बैठकांचे रक्षण करी, आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या रस्त्यांवरच्या गाड्यांना शिशाचे पेट्रोल पूर्ण बंद झाले.

आता मी माझ्या प्रांतात येतो. उर्दू शायरीत ‘इस्लाह’ नावाची परंपरा आहे. शागीर्द आपली गझल उस्तादाला दाखवतो, उस्ताद ती दुरुस्त करतो. थोर उस्ताद तो, जो एखादाच शब्द हलवतो आणि शेर शागीर्दाचाच ठेवतो. साऱ्या ओळी स्वतःच लिहून देणारा उस्ताद नव्हे. गॅरेजमध्येही उस्ताद-शागीर्द हेच शब्द चालतात, आणि प्रश्नही तोच आहे. किती बदलले म्हणजे ती गाडी तीच राहिली? काहीजण नव्याहून नवी गाडी करतात; कारखान्यातून कधी निघाली नव्हती इतकी तुकतुकीत. आणि काहीजण कारखान्यात रंगाचा ओघळ जिथे आला होता तिथे तोही तसाच ठेवतात. तपासनिसाने पत्र्यावर खडूने मारलेली खूणसुद्धा जपतात.

मी नभोवाणीवर बोलतो आहे म्हणून एक गंमत सांगतो. क्रायस्लरच्या कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक कागद फिरत असे. कुठले इंजिन, कुठला रंग, कुठली आसने, हे त्यावर सांकेतिक आकड्यांत लिहिलेले. त्याचे नाव ‘ब्रॉडकास्ट शीट’. काम संपले की कामगार तो आसनाच्या स्प्रिंगांत खोचून देत. चार-पाच दशकांनी कुणी आसन उसवतो आणि आत तो पिवळा पडलेला कागद सापडतो. गाडीचा तो जन्मदाखला. पण मला त्यात कागद खोचणारा हात दिसतो.

तो हात कुणाचा होता? डेट्रॉइटला लागून हॅमट्रॅमिक नावाचे छोटे शहर आहे. तिथे ‘डॉज मेन’ हा अवाढव्य कारखाना होता. १९७० च्या चॅलेंजर आणि बाराकुडा तिथे बनल्या. मे १९६८ मध्ये पट्ट्याचा वेग वाढवल्याच्या निषेधार्थ तिथे कामगारांनी अचानक काम थांबवले, आणि त्यातून कृष्णवर्णीय कामगारांची जहाल संघटना उभी राहिली. बाहेर रस्त्यावर वेगाची नशा विकली जात होती आणि आत वेगाखाली माणूस भरडला जात होता, हा विरोधाभास इतिहासाने नोंदवून ठेवला आहे. १९८० मध्ये डॉज मेन बंद झाला, पुढे पाडला गेला. जनरल मोटर्सच्या नव्या कारखान्यासाठी आसपासच्या वस्तीतल्या चार हजारांवर माणसांना घरे सोडावी लागली. २०२१ पासून त्या जागी विजेच्या गाड्या बनतात. कारखाना नाही, वस्ती नाही. आसनाखालचा कागद तेवढा उरला.

आणि आता ही गाडी कुणाची? १९७१ च्या हेमी बाराकुडाच्या उघड्या टपाच्या फक्त ११ गाड्या बनल्या होत्या. त्यांतली एक २०१४ मध्ये लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटात धावलेली मस्टँग एका कुटुंबाने १९७४ मध्ये सहा हजार डॉलरला घेतली होती. ती त्यांनी घरच्या गाडीसारखी वापरली आणि जपली. २०२० मध्ये तिला खर्चासह ३७ लाख डॉलरवर किंमत आली. इंजिनावरचा आकडा आणि गाडीचा आकडा जुळला की भाव दुप्पट, म्हणून आकडे खोटे कोरणारेही निघाले. कामगाराने पगारातून घ्यावी म्हणून बनलेली गाडी थंड खोलीत झाकून ठेवायची ठेव झाली. त्या खोलीत ती शाबूत आहे, पण जिवंत आहे का? मला तरी ती जिवंत दिसते ती परसात, अर्धी रंगलेली, एका दाराचा रंग दुसऱ्याशी न जुळणारी, आणि शेजारी बापाच्या हातात पान्हा देणारी मुलगी.

यात आपला काय संबंध? आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली आणि १९५४ मध्ये तो कारखाना गुंडाळला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जुळवल्या. त्या कंपनीची पैलवान पोरे आपल्या रस्त्यांवर फारशी आलीच नाहीत, पण त्यांच्या आज्या-मावश्या आपल्या मेस्त्र्यांनी वर्षानुवर्षे जगवल्या. सुटा भाग मिळत नसे, तर लेथवर घडवत. पेट्रोल परवडेना, तर पोटात डिझेलचे इंजिन बसवत. त्याच कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी होऊन मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली, तीही याच हातांच्या जोरावर. आपण याला जीर्णोद्धार म्हटले नाही, जुगाड म्हटले. त्यांची नावे कुठल्या पुस्तकात नाहीत, त्यांच्या कामाचे फोटो नाहीत, पिशव्यांवर चिठ्ठ्या नाहीत. अमेरिकेतल्या परसातल्या माणसाकडून आपण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. गाडी नव्हे, नोंद ठेवण्याची सवय.

आजच्या गाडीचे बॉनेट उघडले की वर प्लॅस्टिकचे झाकण दिसते. आतले कंपनीच्या संगणकालाच कळते. वस्तू आपली, पण तिच्या आत हात घालायचा अधिकार आपला नाही, अशा काळात आपण आलो आहोत. २०२३ च्या अखेरीस जुन्या हेमीचे नाव चालवणारी चॅलेंजरही बनायची थांबली. उद्याच्या विजेच्या गाड्या स्वच्छ असतील, आणि त्या याव्यातही. पण आपण वापरतो ती वस्तू खोलून पाहण्याचे, समजून घेण्याचे आणि आपल्या हाताने पुन्हा उभी करण्याचे धैर्य माणसात उरले नाही, तर आपण वस्तूंचे मालक न राहता भाडेकरू होऊ. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी झाडाखाली बसलेला जो म्हातारा मेस्त्री आहे, त्याच्याकडे एखादा पोरगा शिकायला बसतो आहे का, एवढे जरूर पाहा. नसेल, तर जीर्णोद्धाराची पहिली गरज तिथे आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)